चार बोटं उंच बैठक

डोंगरकड्याच्या रत्नपालची थोरली लेक प्रियदर्शनी लहानपणापासून वस्तूंशी भांडायची. माणसांशी फारसं नाही. दप्तराचा पट्टा खांद्याला काचतो, हंड्याचा काठ बोटं कापतो, बापाच्या जीपची मागची पायरी म्हाताऱ्या बायांना चढवत नाही, अशा तिच्या तक्रारी असत. आणि तक्रार करून गप्प बसणं तिला जमत नसे. सातवीत असताना तिने जुन्या टायरचा तुकडा साखळीने टांगून जीपला आणखी एक पायरी केली. रत्नपाल आधी हसला. मग कळमनुरीला जाणाऱ्या बाया मुद्दाम त्याच्याच जीपची वाट बघू लागल्या, तेव्हा त्याचं हसणं थांबलं.

बारावीनंतर ती पुण्याला डिझाइन शिकायला गेली. गावात हे सांगताना तिची आई शीतल अडखळायची.

"म्हंजे कपड्याचं शिक्षण का?"

"न्हाई."

"मंग घरं बांधायचं?"

"न्हाई बाई. वस्तू कशी पायजे, ते शिकून राहिली."

"त्याला काय शिकायचं? वस्तू तर वस्तू असती!"

तो अभ्यासक्रम पुण्याचं एक आणि डेन्मार्कचं एक अशी दोन विद्यापीठं मिळून चालवत. वर्गात निम्मी मुलं परदेशची, आणि एका गटात एकाच विषयाची दोन माणसं ठेवायची नाहीत असा नियम. प्रियदर्शनीच्या गटात केनियाची वंजिरू होती, यंत्रं शिकून आलेली, मितभाषी आणि हाताने चपळ. दुसरी डेन्मार्कची सिग्ने. माणसाचा गुडघा या विषयावर ती तासभर बोलू शकत असे, आणि बोलतही असे.

तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पाची अट कडक होती. ज्यांच्यासाठी वस्तू केली, त्यांनी ती कोणी न सांगता वापरली पाहिजे. परीक्षक जागेवर येऊन पाहणार. वस्तू नुसती पडून दिसली, तर प्रकल्प बाद. आणि बाद गटाला डेन्मार्कमधलं पुढचं सत्र नाही. सिग्ने आणि वंजिरूला पुण्यातला बसथांबा घ्यायचा होता. प्रियदर्शनी अडून बसली. हळद काढणीच्या दिवसांत तिची आई संध्याकाळी भिंत धरून उभी राहायची, हे ती वर्षानुवर्षं पाहत आली होती. "माझं गाव आहे," ती म्हणाली. "माझ्या माणसांचं मला कळतं. जबाबदारी माझी."

फेब्रुवारीत तिघी डोंगरकड्याला आल्या. माणिकरावांच्या रानात हळद उकरून ठेवली होती, आणि बायांची टोळी ओळीने उकिडवी बसून कंदांची हळकुंडं मोडत, माती झटकत पुढे सरकत होती. शीतल त्याच टोळीत होती. टोळीच्या तोंडाशी कमलबाई. वय साठीच्या पलीकडे, अंगाने किडकिडीत, आवाज मात्र बांधापलीकडे जाणारा. सगळी बौद्धवस्ती तिला आत्या म्हणायची. कोणत्या रानात कधी जायचं, ओळ किती वेगाने सरकायची, पाण्याला कधी उठायचं, सगळं तिच्या शब्दावर.

सिग्नेने बायांसारखं उकिडवं बसून पाहिलं आणि मागच्या मागे सरीत पडली.

"आगं धरा तिला!" कमलबाई ओरडली. "एवढी उंच पोरगी, अन् गुडघे नवे कोरे! वापरलेच न्हाईत जणू!"

टोळी हसून लोळली. सिग्नेला अर्थ सांगितल्यावर तीही हसली, आणि हसताहसता तिने शीतलच्या गुडघ्याचा कोन मापून घेतला.

कुणाचे गुडघे दुखतात, असं विचारल्यावर सहा जणींनी हात वर केले. कमलबाईने केला नाही. "मला काय धाड भरलीय?" म्हणाली. मग वंजिरूने हिंगोलीच्या एका सुताराकडे बसून सहा बैठका केल्या. वीतभर उंच, खाली ताटासारखं रुंद बूड म्हणजे मऊ मातीत रुतणार नाही, वर बाजेची पट्टी विणलेली, पुढे ओढायला दोरी. हलकी इतकी की करंगळीने उचलावी.

बायांनी बैठका हातात घेऊन पाहिल्या, थोपटल्या, वाखाणल्या. "ब्येस झालं गं दर्शने!" आणि बांधाला नीट रांगेने मांडून ठेवल्या. काम पुन्हा भुईवर सुरू झालं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी एकीने बैठकीवर डबा ठेवला.

सिग्नेने फक्त विचारलं, परीक्षक कधी येणार? तिला स्वतःलाही ते ठाऊक होतं. पुढच्या आठवड्यात.

प्रियदर्शनीला कारण लगेच कळलं, किंवा कळलं असं तिला वाटलं. तिचे आजोबा मालकाच्या ओट्यापुढे कधी बाजेवर बसले नाहीत, हे ऐकतच ती मोठी झाली होती. माणिकराव दिवसातून दोनदा रानात चक्कर मारत. बाया त्यांच्यापुढे वर बसायला कचरतात. दुसरं काय असणार? ती तडक त्यांच्या शेतातल्या आखाड्यावर, गोठ्यापाशी गेली. रस्त्यात सगळं भाषण तिने मनात घोकलं होतं, जरूर पडली तर भांडायचीही तयारी होती.

"काका, तुमच्या रानात बाया बैठकीवर बसल्या तर तुम्हाला तकलीफ आहे का?"

माणिकरावांनी चष्मा वर केला. "मला? माझी सून बी हळद मोडती पोरी. तिला बी दे एक. माझ्या डोक्यावर बसा म्हणावं, पर हळद पाऊस यायच्या आत निघू द्या!" मग म्हणाले, "पर हे मला काहून इचारून राहिलीस? त्यायला इचार की."

भाषण तसंच राहिलं. ती परत आली ती चुलीपाशी आईसमोर बसली.

"आई, तू बैठकीवर काहून बसत न्हाईस?"

शीतलने भाकरी उलटली. "अगं, आत्या भुईवर बसलेली. तिच्यादेखत मी वीतभर वर बसू? माझ्या सासूच्या बराबरीची हाय ती. लोक काय म्हणतील?"

"मग मालकाचं काही न्हाई?"

"मालकाचं काय मधीच?"

प्रियदर्शनी कपाळाला हात लावून बसली, आणि मग एकटीच हसू लागली. माझ्या माणसांचं मला कळतं, असं कोण म्हणालं होतं!

आत्याला बैठक द्यावी, तर ती नाही म्हणणार. दुखण्याची वस्तू ती कशी घेईल? टोळीतल्या बाकीच्यांसारखीच तिलाही दिली, तर आत्या आणि तिच्या सुनेसारख्या बाया एका पातळीवर. ते कोणालाच गोड वाटलं नसतं. रात्री जेवताना तिघींनी हा पेच मधे ठेवला. सिग्ने म्हणाली, वय वाढलं की गुडघा कमी वाकतो, म्हणून थोरल्या बाईची बैठक तशीही उंच लागते. वंजिरूने मान डोलावली: उंची वाढवायची तर बूड आणखी रुंद करावं लागेल. आणि प्रियदर्शनी म्हणाली, "बरोबर. आणि द्यायची ती गुडघ्यासाठी नाही. मानासाठी."

वंजिरू पुन्हा हिंगोलीला जाऊन आली. नवी बैठक इतरांहून चार बोटं उंच होती. प्रियदर्शनीने ती ओळीच्या तोंडाशी नेऊन ठेवली.

"आत्या, ही टोळीवालीची. खाली बसून तुम्हाला शेवटची बाई दिसत न्हाई. इथून सगळी ओळ दिसल."

कमलबाईने बैठकीकडे पाहिलं, ओळीकडे पाहिलं. पदर खोचला आणि बसली. मान वळवून शेवटपर्यंत नजर टाकली.

"आगं ए द्वारके! तू तर तिथं नुसतीच बसून राहिलीस! मला काय ठावं!"

हशा उठला, आणि त्या हशातच एकेक जण उठून बांधावरची आपली बैठक घेऊन आली. कोणी सांगितलं नाही. शीतल बसली तेव्हा प्रियदर्शनीने तिकडे पाहणं मुद्दाम टाळलं.

पुण्याच्या एक बाई आणि डेन्मार्कचे एक प्राध्यापक असे दोघे परीक्षक आले, त्या दिवशी कोणीही कोणाकडे पाहत नव्हतं, कारण टोळीला वेळच नव्हता. बैठका हळदीने पिवळ्या झाल्या होत्या, दोऱ्यांना गाठी पडल्या होत्या, एका बैठकीवर कोणीतरी चिंधीची गादी शिवली होती. डेन्मार्कचे प्राध्यापक उंच, पाठीने वाकलेले. उन्हात चालून दमले होते. कमलबाई पाण्याला उठलेली पाहून ते तिच्या रिकाम्या बैठकीवर टेकले.

कमलबाई तांब्या हातात घेऊन परत आली.

"ओ पाव्हणं, उठा बरं. ती माझी हाय."

प्राध्यापकांनी प्रियदर्शनीकडे पाहिलं. तिचे कान तापले. तिने शब्दशः इंग्रजीत सांगितलं. ते ताडकन उठले. कमलबाईने शेजारची रिकामी बुटकी बैठक पायाने त्यांच्याकडे सरकवली. "ही घ्या. पाव्हण्याला बसू न द्यायला आमी काय वैरी न्हाई."

ते बसले, तिच्याहून चार बोटं खाली. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, तिची बैठक पुण्याच्या प्रदर्शनाला नेली तर चालेल का?

"न्या की," कमलबाई म्हणाली. "पर हळद निघाल्यावर. आता दिली तर मी कशावर बसू?"

पुण्याच्या बाई आणि डेन्मार्कचे प्राध्यापक एकमेकांकडे पाहून हसले. प्रश्नांची यादी त्यांनी खिशात घातली. अशा परीक्षेत आणखी काय विचारायचं, असं बाई मराठीतच पुटपुटल्या, आणि बांधावर उभ्या उभ्या त्यांनी सांगून टाकलं: उत्तीर्ण. यंदाच्या सगळ्या गटांत पहिला. पुढचं सत्र डेन्मार्कला.

वंजिरू, जिचा आवाज टोळीने कधी नीट ऐकला नव्हता, अशी किंचाळली की बगळे उडाले. सिग्नेने प्रियदर्शनीला उचलूनच घेतलं. शीतलच्या हातातलं हळकुंड हातातच राहिलं. पिवळ्या बोटांनी तिने डोळे पुसले, तर गालही पिवळा झाला.

"काय झालं गं?" कमलबाईने विचारलं.

"पास झालो आत्या! पहिल्या आलो!"

"झालंच पायजे," कमलबाई म्हणाली, आणि बैठकीवरून मागे वळून तिने सगळ्या ओळीला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "आपली पोरगी पहिली आली गं!"