गडाच्या पायथ्याचा बाक

किल्लेदार कुठल्याही गडात शिरले की आधी पाणी शोधायचे. तोफा, तसबिरी, राण्यांचे पलंग, भिंतीवर टांगलेली हरणांची शिंगं, हे सगळं नंतर. दरवाजातून आत आले की कमरेवर हात ठेवून चौफेर नजर टाकायची आणि विचारायचं, "पाणी कुठंय?" पहिल्यांदा मला वाटलं, माणसाला तहान लागलीय. मी पिशवीतली बाटली पुढे केली. "अगं, माझं नाही, गडाचं," असं म्हणून ते तरातरा पुढे निघून गेले.

फ्रँकफर्टमधली आम्ही मराठी मंडळी त्यांना आपसांत किल्लेदार म्हणायचो, तोंडावर काका. मूळचे साताऱ्याचे, पेशाने मेकॅनिकल इंजिनिअर, सगळी नोकरी गिअरबॉक्सच्या एका कारखान्यात झालेली. कंपनीने त्यांना एकदा काही महिने ऑस्ट्रियातल्या श्टायरमार्कमध्ये पाठवलं होतं. द्राक्षाचे मळे, भोपळ्याची शेतं आणि टेकडी दिसली की तिच्यावर एखादा गड, असा तो खेडवळ मुलूख. कधीकाळी ती तुर्कांच्या बाजूची सरहद्द होती, म्हणून एवढे गड. काका कामाला गेले आणि हे वेड घेऊन परतले. तेव्हापासून दर वर्षी फिंग्स्टन या ख्रिस्ती सणाच्या मे-जूनमधल्या जोडसुट्टीला ते आम्हाला तिकडे घेऊन जायचे.

'घेऊन जायचे' हे मी सभ्यपणे लिहिते आहे. खरं म्हणजे ओढून न्यायचे. दिवसभराचा प्रवास, सरहद्दीवरच्या पासाउच्या अलीकडे हमखास लागणारा श्टाऊ, म्हणजे गाड्यांची कोंडी, तिथल्या पेट्रोल पंपावर ऑस्ट्रियाचा टोल भरल्याचा स्टिकर घेऊन काचेला चिकटवायचा, आणि मागच्या सीटवर आमची लेक इरा. "शोन वीडर बुर्ग?" पुन्हा गडच का, असं ती जर्मनमध्ये विचारणार आणि मी मराठीत गप्प बस म्हणणार. मनातून मी तिच्याच बाजूची. आठवडाभर मीटिंगा करून पिचलेल्या माणसाला सुट्टीत झोप हवी असते, तटबंदी नको. पण आम्ही नवे नवे जर्मनीत आलो तेव्हा आनमेल्डुंगपासून, म्हणजे सरकारी पत्तानोंदणीपासून, भाड्याच्या घरापर्यंत प्रत्येक ठिकाणी काका आमच्याबरोबर ताटकळले होते. त्यामुळे नाही म्हणवत नसे. माझा नवरा निखिल मात्र उत्साहाने बूट बांधायचा. अशा वेळी मला त्याचा फार राग यायचा.

काकांच्या लेखी गड वेगळा आणि राजवाडा वेगळा. तिकडे श्लॉस, म्हणजे राजवाडेही पुष्कळ आहेत. बुटांवर फेल्टच्या सपाता चढवायच्या, चकचकीत लाकडी जमिनीवरून घसरत घसरत गाइडच्या मागे फिरायचं. मला ते बरं वाटायचं, निदान सपाटीवर तरी असायचं. काका तिथे कंटाळून जायचे. एकदा गाइडबाई अर्धा तास कुठल्याशा सरदारणीच्या शेजघराचं वर्णन करत होत्या. काकांनी शाळेतल्यासारखा हात वर केला आणि जर्मनमध्ये विचारलं, "बाई कुठे झोपायच्या ते कळलं. आंघोळीचं पाणी कुठून यायचं?" सगळे हसले. गाइडबाई आधी गोंधळल्या, मग त्यांनाही गंमत वाटली असावी. फेरी संपल्यावर किल्ली घेऊन त्या आम्हाला तळघरातल्या टाक्यापाशी घेऊन गेल्या. काकांनी काठावर बसून आत डोकावलं, खडा टाकला, आवाज ऐकला. "गेनाऊ! अगदी बरोबर!" म्हणाले. त्या दिवशी रात्रीपर्यंत स्वारी खुशीत होती.

गडाचा त्यांचा एक रिवाज होता. मुख्य दरवाजाशी डोक्यावरची टोपी काढायची, वाकून उंबरठ्याच्या दगडाला हात लावायचा, तो कपाळाला टेकवायचा आणि मगच आत पाऊल टाकायचं. एकदा तिकीट फाडणारी मुलगी लगबगीने त्यांच्याजवळ आली आणि काही हरवलं का म्हणून विचारू लागली. काका समजावून सांगेपर्यंत तीही वाकून फरशीवर शोधायला लागली होती. "आलेस गूट," सगळं ठीक आहे, म्हणत काकांनी तिला उठवलं. आपल्या आधी कोण कोण याच दरवाजात मेलं असेल, त्यांना विचारल्याशिवाय कसं आत जायचं, असं ते आम्हाला म्हणायचे. ऑस्ट्रियात मेलेल्यांना साताऱ्याच्या माणसाने का विचारायचं, हे मी एकदा विचारलं होतं. "अगं, पहारा तो पहारा," ते म्हणाले.

सगळ्यांत लाडका गड एकच. काळ्या कातळावर उभा, एकामागून एक दरवाजे, वळत वळत वर जाणारी फरसबंद वाट. पहिल्या वळणावर काका त्या कातळावर थाप मारायचे. "बेसाल्ट! आपल्या सह्याद्रीचा दगड. सख्खा चुलतभाऊ आहे." दर वर्षी तीच थाप, तेच वाक्य. या गडाला मागच्या बाजूने वर जाणारी एक लिफ्ट होती. माझी नजर नेहमी तिकडे जायची. काकांना तिचं नावही खपायचं नाही. "गड पायीच चढायचा. लिफ्टने चढतात तो मॉल."

आणि या सगळ्या काळात काकू खाली बसायच्या.

पायथ्याशी वाहनतळाजवळ लिंडनच्या झाडाखाली एक बाक होता. काकूंचे गुडघे गेले होते, ऑपरेशनचाही उपयोग झाला नव्हता. त्या चहाचा थर्मास, दशम्यांचे डबे आणि भोपळ्याच्या बियांची चटणी घेऊन त्या बाकावर बसायच्या. तिकडचं ते काळपट हिरवं तेल त्या चटणीवर सढळ हाताने ओतायच्या. आम्ही धापा टाकत उतरलो की हात पुसायला फडकं द्यायच्या. काका मात्र चहाला हात न लावता आधी त्यांच्यासमोर गड मांडायचे. मोठा डबा म्हणजे बालेकिल्ला, थर्मास म्हणजे बुरूज, झाकणं म्हणजे दरवाजे. "इथून आत गेलं की डाव्या हाताला विहीर..." काकू सगळं मन लावून ऐकायच्या आणि मध्येच टोकायच्या. "अहो, मागच्या वर्षी विहीर उजवीकडे होती." काका विचारात पडायचे आणि विहिरीच्या जागी ठेवलेलं झाकण उचलून दुसरीकडे ठेवायचे. आम्ही सगळे समजून चाललो होतो की काकूंना गडाबिडाची आवड नाही.

एका वर्षी निघायच्या आधीच काकूंची तब्येत बिघडलेली होती. हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी लांबचा प्रवास आता पुरे म्हणून सांगितलं होतं, तेव्हा ही खेप शेवटची हे सगळ्यांना माहीत होतं. त्या लाडक्या गडाखाली गाडी थांबली. काका टोपी घालून तयार. काकू बाकापर्यंत गेल्या, पण बसल्या नाहीत. म्हणाल्या, "अहो, यंदा मला वर जायचंय."

"वर?" काका म्हणाले. "अगं, चढ केवढा आहे."

"लिफ्टने जाईन. इतकी वर्षं ऐकतेय. एकदा बघू दे की मला."

काकांचं तोंड उतरलं. मला त्यांचा संताप आला. शेवटचं काही मागतेय बाई, आणि या माणसाला अजून तत्त्व सुटत नाही! ते एकदा लिफ्टच्या दिशेने बघत राहिले, एकदा वाटेकडे. मग मला म्हणाले, "सई, तू हिला लिफ्टने घेऊन ये. हळू आण." आणि स्वतः पायी निघाले. त्या वर्षी कातळावर थाप नाही, थांबणं नाही. मी जन्मात पहिल्यांदा आनंदाने गड चढणार होते, पण आनंद काही झाला नाही.

आम्ही तिकिटं काढून, रांगेत थांबून वर पोचलो, तर लिफ्टच्या दाराशी काका हजर. घामाने सदरा पाठीला चिकटलेला, चेहरा लालबुंद, हातात टोपी. धड बोलता येत नव्हतं. बायको वर येईल तेव्हा आपण तिथे असलं पाहिजे म्हणून हा सत्तरी उलटलेला माणूस सगळे दरवाजे न थांबता चढून आला होता. माझा राग कुठल्या कुठे गेला.

काकू बाहेर आल्या आणि इकडेतिकडे बघायला लागल्या. "अहो, उंबरठा कुठंय?"

उंबरठा नव्हता. लिफ्ट सरळ गडाच्या पोटात उघडत होती. "मग मी आत आले तरी कशी? दारातून तर आलेच नाही," काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात खरीच काळजी होती. काकांनी त्यांचा हात धरला. शेवटचा दरवाजा तिथून जवळ होता, पण काकूंच्या चालीने बराच वेळ लागला. काकांनी त्यांना दरवाजाबाहेर नेलं, वळवलं आणि पुन्हा आत यायला उभं केलं. काकूंना वाकता येत नव्हतं. तेव्हा काका वाकले, उंबरठ्याला हात लावला आणि तो हात काकूंच्या कपाळाला टेकवला. मागे पर्यटक खोळंबले होते. कुणी घाई केली नाही. मला रडू आवरेना, म्हणून मी इराच्या पिशवीत उगाच काहीतरी शोधू लागले.

मग काकूंनी विहीर बघितली, तट बघितला, तटावरून खालचे मळे बघितले, झाडाखालचा आपला रिकामा बाकही बघितला. काका शेजारी उभे होते, निकालाची वाट बघत.

"छान आहे," काकू म्हणाल्या. "पण तुम्ही सांगता त्याच्यापेक्षा लहान आहे हो."

काका आधी हिरमुसले, मग इतके हसले की त्यांना ठसका लागला. काकूच त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

पुढच्या थंडीत काकू गेल्या. काकांनी घर आवरायला घेतलं, पुण्याला बहिणीशेजारी फ्लॅट बघितला. जायच्या आधी एकदा फिंग्स्टनला जाऊ या, असं यावेळी आम्हीच म्हटलं. श्टाऊ तसाच, स्टिकर तसाच. इरासुद्धा कुरकुरली नाही. गडाखाली पोचलो, निखिलने बूट बांधले आणि काका जाऊन बाकावर बसले.

"तुम्ही या जाऊन."

"काका, तुम्ही?"

"वर जाऊन करू काय? उतरल्यावर सांगायचं कुणाला?"

आम्ही तिघं वर गेलो आणि खाली आलो. मी पुरती थकले होते, नुसत्या चढाने नव्हे. त्यांच्यासाठी दशम्या मीच करून आणल्या होत्या. त्यांनी कपातला चहा बाजूला ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "हं, सांग."

मला काही सांगता येईना. इतक्या वर्षांत मी तो गड पायांनी मोजला होता, डोळ्यांनी नाही. मी चाचरत बुरुजाचं काहीतरी बोलले. "असू दे," काका म्हणाले. "दमलीस. चहा घे." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. ते झाकण लावणं मला बघवेना.

"काका, थांबा. मी आलेच."

निखिल आणि इरा बघत राहिले. मी एकटी पुन्हा त्या वाटेला लागले. पाय भरून आले होते, कातळाला टेकत टेकत चढले. शेवटच्या दरवाजाशी वाकले, दगडाला हात लावला. मग विहीर कुठे, तट कुठून वळतो, कुठल्या खिडकीतून वारा येतो, सगळं घोकत हिंडले आणि घोकतच खाली उतरले. काका तसेच बसून होते. मी त्यांच्या समोर मोठा डबा ठेवला.

"हा बालेकिल्ला," मी म्हटलं. थर्मास त्याच्याजवळ उभा केला. झाकणं दरवाजांसारखी मांडली.

"विहीर?"

"डावीकडे."

त्यांनी मान हलवली. एक झाकण बोटाने सरळ केलं. मग हळूच म्हणाले, "तिला लहान वाटला होता."

"नाही हो काका," मी म्हटलं. "खूप मोठा आहे."