गुलाबभाऊंचं पान

“सिस्टर, बाबा ऐकूनच नाई राह्यले. तुमीच समजवा त्याईले.”

फोनवर प्रवीण होता, गुलाबभाऊंचा मुलगा. मी हॉस्पिटलातून रिटायर झाले, तरी दारव्ह्यात घरोघरी जाऊन ड्रेसिंग करते, नळ्या बदलते. भाऊंच्या नाकात राइल्स ट्यूब होती. म्हणजे नाकातून थेट पोटात जाणारी बारीक नळी. खर्ऱ्याच्या, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या, कॅन्सरने जबडा खाल्ला, ऑपरेशनने जिभेचा मोठा तुकडा नेला. आता गाळलेलं पातळ फीड सिरिंजने नळीतून द्यायचं. तोंडाने थेंबही नाही. गिळलेलं श्वासनलिकेत उतरलं तर न्यूमोनिया, आणि त्या प्रकृतीला तेवढा पुरे होता.

आणि हा माणूस खुणा करून सांगत होता, वाचनालयात खाण्यावर पुस्तकं लिहिणाऱ्या बाईंचं भाषण आहे, मला न्या.

मी घरी गेले.

“लोकं काय म्हनतीन?” प्रवीण म्हणाला. “ज्याले खाता येत नाई, तो खायाच्या भाषणाले चालला!”

“अन् कीर्तनाले जाते त्याले काय तिथंच देव भेटते?” स्वयंपाकघरातून कमलवहिनी, भाऊंच्या मंडळी.

भाऊ एसटीत कंडक्टर होते, मी ड्यूटीला जायचे त्याच गाडीवर. कोणत्या स्टँडवर भजी कधी तळतात, हे त्यांना टाइमटेबलपेक्षा पाठ. त्यांनी चपला पायात सरकवल्या.

तरुण असते तर मी ‘नाही’ म्हणून मोकळी झाले असते. एनबीएमची पाटी, म्हणजे ‘तोंडाने काही नाही’, मी खाटेला अशा ठसक्यात लावायची की शेजारचा पेशंटही भीतीने उपाशी राहायचा. यम आला असता तर त्यालाही सांगितलं असतं, व्हिजिटिंग अवर्स संपले. आता गुडघे वाकत नाहीत, मी मात्र थोडी वाकते.

“नेते,” मी म्हटलं. “पण भाऊ, तोंडात काही टाकलं तर मी तिथंच बोंबलीन.”

भाऊंनी कानाला हात लावला.

लेखिकाबाई छान बोलल्या. शेवटच्या माणसाला वाढून होईपर्यंत पहिल्याने घास उचलायचा नाही, हे आपल्या जेवणातलं खरं मीठ आहे, म्हणाल्या. भाऊ डोळे मिटून ऐकत होते. नंतर पंगत होती. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, वरण. (माझे पहिले रोडगे नवऱ्याने अडकित्त्याने फोडले होते. मी ते कौतुक समजले.)

वहिनी आणि प्रवीणही सोबत आले होते. प्रवीणला निघायची घाई. भाऊ मात्र सरळ पंगतीत जाऊन बसले. एका बाजूला मी, दुसरीकडे वहिनी.

वाचनालयाचे सचिव स्वतः वाढत होते. त्यांनी मला रोडगा वाढला. भाऊंची नळी पाहिली, नजर खाली घातली आणि भाऊंना सोडून वहिनींना वाढला. चांगल्या मनानेच. पण भाऊंचा चेहरा मी पाहिला. ऑपरेशनच्या कागदावर सही करतानाही तो एवढा पडला नव्हता.

टक टक. भाऊंनी अंगठी फरशीवर वाजवली. गाडीत तिकिटाचा पंच वाजवायचे तशी.

“अहो, पण यांना...” सचिव मला म्हणाले.

“वाढा,” मी म्हटलं.

समोर लेखिकाबाईंनी उचललेला घास परत पानात ठेवला.

भाऊंनी रोडगा फोडला. कुस्करला, त्यात तूप जिरवलं, भाजी कालवली. घास केला आणि नाकाजवळ नेला. तिथेच धरून ठेवला. मी हात पुढे केला, तेवढ्यात तो घास वहिनींच्या तोंडाशी गेला.

“चार लोकांत काय करून राह्यले हे!” वहिनी लाजल्या. मग खाल्ला. चावता चावताच रडायला लागल्या.

भाऊंनी वरणाकडे बोट दाखवलं, मग नळीकडे. गाळणी आणि सिरिंज माझ्या पिशवीत होतीच. मी साध्या वरणाचं वरचं पाणी गाळलं, कोमट होऊ दिलं, नळी जागेवर असल्याची खात्री केली आणि हळूहळू सोडलं. नळीतून गेलेल्याला चव नसते. पण ढेकर आला की थोडी वर येते. हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, पेशंट सांगतात.

पंगत उठायच्या बेतात असताना भाऊंना ढेकर आला. चांगला मोठा. त्यांचे डोळे विस्फारले.

“आली चव?” वहिनींनी विचारलं.

भाऊंनी मान हलवली. मग पुन्हा येते का म्हणून वाट बघत बसले. सगळे हात धुऊन आले तरी बसलेच होते. नाही आली.

हिवाळा सरायच्या आत ते गेले. न्यूमोनियाने नव्हे, मूळच्या आजारानेच. तेरवीला प्रवीणने बापाचं पान सगळ्यांच्या आधी वाढलं. रोडगा, वांग्याची भाजी, वर तुपाची धार. त्यांना खाता येतं का, असं कुणी विचारलं नाही.

नळीवाल्या पेशंटच्या घरी आता मी फीड द्यायला शिकवते आणि निघताना सांगते, जेवायला बसाल तेव्हा याचंही पान मांडत जा. तेरवीपर्यंत थांबू नका.