खत धाकटीला

वडील गेले त्या दिवशी गोठ्यातलं शेण कोणी उचललं नाही.

पाहुणे पांगल्यावर धाकटी बहीण ओसरीवर माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "ताई, बाबानं जाताना खत मले देल्लं."

मी शहरात, जरीपटक्याला राहते, ग्रंथालयात नोकरी करते. खत म्हटलं की मला खरेदीखत आठवतं, बक्षीसखत आठवतं. पारशिवनीजवळचं आमचं शेत त्यांनी तिच्या नावे करून दिलं, असंच मी समजले. ती शेवटपर्यंत त्यांच्या उशाशी होती. मी सुटीच्या दिवशी यायची, तेही पुस्तक घेऊन.

"दस्त कुठं आहे?" मी विचारलं.

ती बघतच राहिली. मग रडता रडता हसली. "दस्त काहून पाहिजे वं? शेणखत म्हणून राहिली मी. उकिरडा!"

शेत दोघींचं निम्मं-निम्मं राहिलं. मला हायसं वाटायला हवं होतं. उलट जास्तच टोचलं. जमीन मला कायद्यानं मिळाली होती. उकिरडा मात्र त्यांनी आपल्या तोंडानं तिला दिला. शेवटच्या शुद्धीत त्यांना तिनं शेतात लावलेली वांगी आठवली.

माझा हिस्सा शेजारचे काका ठेक्यानं करतात. उकिरडा त्यांच्या विहिरीला लागूनच होता.

"पावसाच्या आधी उचला वं पोरींनो. पाण्याले वास येते."

"उचलतो ना काका," धाकटी म्हणाली. "पण तुमच्याकडच्या वावरात नाही टाकत मंग."

"असं कसं? वास नको म्हटलं म्या. खत नको कधी म्हटलं?"

तिनं काठीनं ढीग उकरून पाहिला, अगदी बाबा पाहायचे तसा. तळाचं कुजलेलं खत तिनं स्वतःच्या वांग्यांना आणि काकांना वाटून दिलं. वरचं ओलं शेण विहिरीपासून लांब, नव्या खड्ड्यात टाकायला लावलं. तिच्या वांग्यांना कमी पडलं. काका खूश झाले. मी बांधावर उभी होते. माझ्याच जमिनीत खत पडत होतं, आणि ते तिच्या मनात आलं म्हणून पडत होतं. काकांनी आभार मानले तेही तिचेच. मला कोणी काही विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी कुठलं खत कुजलंय ते मला सांगता आलं नसतं.

सातबारावर आता आमची दोघींची नावं आहेत. खत तिचं आहे.