पोटातला खोडवा

"आ केलंय अक्का, घाला नळी!"

शाहूपुरीतल्या आमच्या दवाखान्यात शिरोळचे हे पावणं तोंड उघडतच शिरायचे. बाकीचे पेशंट एंडोस्कोपीच्या नावानं गळाठायचे आणि हा गडी लग्नाला आल्यासारखा! मी त्या तपासणीच्या खोलीतली सिस्टर. माझ्या आवाजाला भलेभले टरकायचे, हा एक सोडून.

रात्रीपासून उपाशी या म्हटलं की हसायचे. "आम्ही जैन. दिवस बुडल्यावर रोजच उपाशी की!"

आजार घराण्यातला. आतड्यात पॉलिप, म्हणजे मांसाच्या गाठी, उगवायच्या आणि राहू दिल्या तर कॅन्सर व्हायचा. वडील त्यातच गेले. पावण्यांचं मोठं आतडं काढून झालं होतं. आता जठराच्या पुढं, ड्युओडेनममध्ये, नव्या गाठी निघत होत्या. डॉक्टर नळीतून तारेचा फास टाकून त्या काढायचे आणि वर्षानं परत बोलवायचे. परत यायचं म्हटल्यावर एखादा पेशंट कुरकुरला की पावणं त्याला झापायचे, "ऊस तोडला म्हंजे संपला व्हय? खोडवा फुटतोय की! बघाय नको?"

थोरला भाऊ मात्र तपासायला तयार नव्हता. एकदा पावणं त्याला घेऊनच आले. कडक इस्त्री, डोक्यावर फेटा. "पोरगी कुठाय?" त्यानं मलाच विचारलं. पोरासाठी मुलगी बघायला जायचंय, पोहे तिकडंच खायचेत, घरात पाणीसुद्धा पिऊ नको, असं सांगून आणलं होतं त्याला!

खरं कळल्यावर भावानं दवाखाना डोक्यावर घेतला. पावण्यांनी हात जोडले. "अण्णा, बाबा गेलं. मी बी कवा जाईन ठावं न्हाय. तू तरी ऱ्हा की."

अण्णा पुढं आले. फेटा माझ्या हातात दिला आणि टेबलावर चढले. गाठी निघाल्याच. वेळेत ऑपरेशन झालं, माणूस वाचला.

"आणि तुमची लेक? तिला कधी आणताय तपासायला?" मी दर खेपेला पावण्यांना विचारायची. तेवढ्यापुरता त्यांचा आवाज बसायचा. "आणतो की." मी रागवायची, पण बाप भितोय हे तुम्हालाही दिसलं असतं.

पुढं एक गाठ पित्तनळीच्या तोंडाशीच निघाली. तिथं फास चालेना. मोठं ऑपरेशन झालं, त्यातून पावणं उठले नाहीत. मी दार लावून रडले.

काही महिन्यांनी अण्णा पावण्यांच्या लेकीला घेऊन आले. वरून बघितलं, खालून बघितलं. सगळं स्वच्छ. मी हातमोजे काढत बाहेर धावले, "पावणं, तुमची पोरगी..."

बाकावर एकटे अण्णा बसले होते.