सिंक एकच होतं

आई पक्की शाकाहारी. ती तीन महिन्यांसाठी स्टुटगार्टला येणार म्हणून मी मोठा शहाणपणा केला. चिकनचं पातेलं, सुरी, चॉपिंग बोर्ड सगळं वेगळं काढून बाल्कनीत ठेवलं. बायको म्हणत होती, आई आहेत तोवर चिकन नकोच ना. पण मला रविवारी लागतंच. जिभेचे चोचले मेले!

एका रविवारी दोघी फिरायला गेल्या होत्या. वास राहू नये म्हणून मी चिकन नळ भसाभसा सोडून तीनतीनदा धुतलं. शेजारीच आईने कोशिंबिरीसाठी सोलून ठेवलेल्या काकड्या होत्या. शिंतोडे उडाले असणार. कारखान्यात मला बोल्टवरचा ओरखडाही दिसतो, घरी मात्र अक्कल गहाण. कोशिंबीर आईने एकटीनेच खाल्ली. आम्ही चिकनवर ताव मारला, आम्हाला काहीसुद्धा झालं नाही.

तिसऱ्या दिवशी आईला ताप आणि जुलाब. हवा बदलली की होतं असं, मी म्हटलं. बरीही झाली. पुढच्या आठवड्यात सकाळी बाथरूममधून हाक आली. तिचे पाय उचलत नव्हते. दोन दिवसांत हातही गेले.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, यांनी कोंबडी खाल्ली होती का? दुभाषी मीच. आई दुखावली. "अरे, जन्मात अंड्यालासुद्धा शिवले नाही मी."

मग मी जर्मनमध्ये सिंकचं सांगितलं. त्या म्हणाल्या, असाच पसरतो हा कच्च्या कोंबडीतला जंतू. त्याच्याशी लढताना कधीकधी शरीर स्वतःच्याच नसांवर उलटतं.

"काय म्हणताहेत त्या?" आईने विचारलं.

"होशील बरी, म्हणतात."

तसं त्या म्हणाल्याच नव्हत्या. आता सात महिने झालेत. या वयात ती पुन्हा चालेल असं वाटत नाही, हे त्यांनी मला स्पष्ट सांगितलंय. आई रोज विचारते, घरी कधी जायचं? तिला खरं सांगायची माझी हिंमत होत नाही. लाज वाटते स्वतःची.

शनिवारी पुण्याहून मावशीचा फोन येतो. तिला संशय आहे, आमच्याकडचंच काही बाधलं असेल. आई तिच्यावर चिडते.

"काहीतरीच काय बोलतेस? माझ्या मुलाकडे सगळं वेगळं असतं. मला विमानातलंच बाधलं."

तिची बोटं वळत नाहीत. फोन तिच्या कानाशी मीच धरलेला असतो.