सोळा मात्रांचा खड्डा

आमच्या बँडचा इतिहास कोणी लिहिला नाही, आणि लिहायचाच झाला तर पोस्टकार्डाची एक बाजू पुरेल. सत्तरच्या दशकात नागपुरात इंग्रजी गाणी ठोकणारे आम्ही चौघे होतो. ठोकणारे म्हणतो, कारण वाजवणारे त्यातले दोघंच. धरमपेठेत एका वकिलांच्या मोटारीच्या गॅरेजमध्ये तालीम चालायची. रविवारी दुपारी मोटार बाहेर कडुनिंबाखाली जायची आणि आम्ही आत. संध्याकाळी कावळ्यांनी मोटारीची केलेली दशा पाहून वकीलसाहेब आमची तशीच करायचे. त्यांचा मुलगा आमचा गायक. त्याला गाता येत नव्हतं, पण गॅरेज त्याचं होतं.

लीड गिटारवाला उमरेडचा. वडील तिथल्या कोळशाच्या खाणीत, हा कॉलेजसाठी नागपुरात खोली करून. एका रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून त्याने जुन्या रेडिओचा अँप्लिफायर करून घेतला होता. त्यातून गिटारबरोबर कधीकधी बाजारभावही ऐकू यायचे. तरी तो वाजवायला लागला की आम्ही तिघं गप्प बसायचो. ड्रमवाला नागपुरातल्याच इंदोरा वस्तीतला. त्याच्या काकांची भीमगीतांची पार्टी होती, तिच्यात ढोलकी वाजवून त्याचा हात तयार झालेला. चौथा मी. मला तीन कॉर्ड यायच्या. पण माझ्याकडे मामाचा स्पूलचा टेपरेकॉर्डर होता आणि कॉन्व्हेंटचं इंग्रजी होतं, त्यामुळे बँडचा विद्वान मीच.

आमचं हुकमी गाणं मी शॉर्टवेव्हवरच्या एका परदेशी स्टेशनवरून टेप केलं होतं. तिसऱ्या कडव्यात गायकाचा आवाज एकदम खोल जायचा, सोळा मात्रा नुसती खरखर आणि सोंऽऽ, मग सगळं पुन्हा दणक्यात वर. शॉर्टवेव्हवर आवाज असा जातो-येतो, हे कानाला रेडिओ लावून क्रिकेट ऐकणाऱ्या गल्लीतल्या प्रत्येक म्हाताऱ्याला माहीत होतं. मला मात्र इंग्रजी येत होतं.

"हे गाणं नाही गा," ड्रमवाला पहिल्याच दिवशी म्हणाला. "हा रेडिओ हाय. आवाज पडून राहिला."

"तुले काय समजते?" मी म्हणालो. "विलायती म्युझिकमध्ये असंच असते. तिसऱ्या कडव्यात दम धरतात."

"बरं," तो म्हणाला. आणि ज्याच्यावर विश्वास नव्हता ते त्याने आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं बसवलं. काठ्या खाली ठेवून झांजेवर तळवा घासत त्याने तो सोंऽऽ काढला. लीडवाला करंगळीने गिटारचा आवाज उतरवत न्यायचा, इतका सावकाश की तार थांबली की आपले कान, ते कळू नये. खोटं कशाला बोलू, अंगावर काटा यायचा. त्या जागेला आम्ही खड्डा म्हणायचो.

कॉलेजच्या गॅदरिंगमधल्या स्पर्धेच्या महिनाभर आधी लीडवाल्याचे वडील उमरेडहून आले. गॅरेजमध्ये एका जुन्या टायरवर बसून त्यांनी अख्खं गाणं ऐकलं. मग म्हणाले, "खाणीच्या ऑफिसात याची नोकरी पक्की करून आलो मी."

"बाबा, गॅदरिंग तर होऊ द्या," लीडवाला म्हणाला.

वडिलांनी त्या रेडिओच्या खोक्याकडे बघितलं. "पह्यला नंबर आण. वर्षभर मी तोंड उघडत नाही, वाजव किती वाजवायचं ते. नाही आला, तर दुसऱ्या दिवशीच्या बसनं उमरेड."

त्या दिवसापासून त्याने जेवणखाण सोडल्यासारखी तालीम केली. बोटांना घट्टे पडले, त्यांचं त्याला कौतुकच. आम्ही तिघं टिवल्याबावल्या करायचो, कारण आम्हाला उमरेडला जायचं नव्हतं.

स्पर्धेला चार दिवस असताना माझ्या गिटारची तार तुटली. अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गिटार वाजवणाऱ्या एका गार्डकडे जास्तीच्या तारा असायच्या. गेलो, तर गार्डसाहेब नुसत्या बनियनवर बसून रेकॉर्ड ऐकत होते आणि रेकॉर्डवर होतं आमचंच गाणं. तिसरं कडवं आलं. मी सवयीने मान खाली घालून मात्रा मोजायला लागलो. खड्डा आलाच नाही. गायक डांबरी सडकेवरून निघाल्यासारखा सरळ गात पुढे गेला.

"रेकॉर्ड खराब आहे का?" मी विचारलं.

"नवीन आहे," गार्डसाहेब दुखावून म्हणाले.

अजनीहून सायकलवर घरी येईपर्यंत सगळ्यांना सांगायचं हे ठरलं होतं. मग ड्रमवाल्याचा चेहरा डोळ्यांपुढे आला. तो हसला नसता, "बरं" म्हणाला असता. ते एक "बरं" मला सोसलं नसतं. मी गप्प बसलो. चार दिवस तालमीला गेलो, खड्ड्यात सगळ्यांबरोबर उतरलो आणि वर आलो. त्याची लाज मला आजही वाटते.

गॅदरिंगच्या दिवशी दोन कडवी अशी वाजली की मागची पोरं खुर्च्यांवर उभी राहिली. मग खड्डा आला. मांडवात बसलेल्यांना वाटलं, माईक गेला. "आवाज, आवाज" ओरडा सुरू झाला. माईकवाला आपल्या कामाला जागणारा माणूस. घाबरून त्याने हाताशी होतं ते प्रत्येक बटण शेवटपर्यंत फिरवलं. लीडवाला डोळे मिटून मात्रा मोजत होता, त्याला काहीच दिसलं नाही. सतराव्या मात्रेला आम्ही दणक्यात वर आलो, भोंग्याने किंकाळी फोडली, पहिल्या रांगेतल्या प्राचार्यांनी कानांवर हात दाबले, आणि धूर निघून सगळं बंद पडलं. पहिला नंबर रेल्वे इंजिनाची नक्कल करणाऱ्या एकाला मिळाला. त्याला माईक लागला नाही.

दुसऱ्या दिवशी बस स्टँडवर ड्रमवाला आणि मी पोचवायला गेलो. गिटार चादरीत गुंडाळलेली होती. "खड्डा मस्त जमला होता गा," लीडवाला खिडकीतून म्हणाला. "माईकवाल्यानं घोळ केला." ड्रमवाल्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी म्हणालो, "हो ना." बस गेली.

दहा-बारा वर्षांनी एका लग्नासाठी उमरेडला गेलो, तेव्हा त्याच्याकडे उतरलो. तोंडाने सांगायची हिंमत मला तेव्हाही नव्हती, म्हणून त्याच गाण्याची कॅसेट भेट म्हणून नेली होती. तो खाणीच्या ऑफिसात मोठा बाबू झाला होता, पोट सुटलं होतं. बोटांचे घट्टे मात्र तसेच होते. त्याच्या नऊ वर्षांच्या मुलीने कॅसेट लावली. तिला अख्खं गाणं पाठ होतं, बापाने शिकवलेलं. तिसरं कडवं गेलं आणि तिने टेप बंद केला.

"काका, तुमची कॅसेट खराब हाये. इथं आवाज जातच नाही."

तो माझ्याकडे वळला. "तुले कधीपासून माहीत होतं?"

"गॅदरिंगच्या चार दिवस आधीपासून," मी म्हणालो.

तो उठला. आत जाऊन दोन गिटार घेऊन आला, एक माझ्या मांडीवर ठेवली. मुलगी गायला लागली. माझ्या तीन कॉर्ड अजून तीनच होत्या. तिसऱ्या कडव्यात त्याची करंगळी सरकली, मुलगी थांबली, आणि आम्ही खड्ड्यात उतरलो. तिथे, मान वर न करता, तो हळू आवाजात म्हणाला, "चार दिवस होते गा. चार दिवसांत मी दुसरं गाणं बसवलं असतं."

मी तोंड उघडलं, तेवढ्यात सतरावी मात्रा आली आणि मुलगी मोठ्याने गायला लागली.