पूअर म्हणजे गरीब

मी नांदेडला स्पर्धा परीक्षेच्या पोरांना इंग्रजी शिकवते. सारखे वाटणारे शब्द पोरांना गोंधळात टाकतात, त्यांची मी वेगळी शिकवणीच घेते. ‘ई.जी.’ म्हणजे उदाहरणार्थ, ‘आय.ई.’ म्हणजे अर्थात. ‘डायग्नोसिस’ म्हणजे आजार कोणता, ‘प्रोग्नोसिस’ म्हणजे त्याचं पुढं काय होणार. ही शेवटची जोडी पोरं हमखास चुकतात.

दिवाळीच्या आधी दादांना, म्हणजे माझ्या वडलांना, किल्लारीहून लातूरच्या एका दवाखान्यात आणलं. पोटात पाणी झालेलं, डोळे पिवळे. फोन आला तशी मी नांदेडहून निघाले. पोचले तेव्हा माय उशाशी बसली होती आणि काका, दादांचा धाकटा भाऊ, पायाशी उभा होता.

मोठे डॉक्टर आले. फाईल चाळली आणि सोबतच्या शिकाऊ डॉक्टरला म्हणाले, “डी.सी.एल.डी. प्रोग्नोसिस पूअर.” आमच्याकडं बघून “औषधं चालू ठेवा” म्हणाले आणि पुढच्या खाटेकडं गेले.

त्या आद्याक्षरांचा मला पत्ता लागला नाही. पुढचे दोन शब्द मात्र कळले.

माय माझ्याकडं बघत होती. “काय म्हनले गं?”

“औषधं चालू ठेवा म्हणाले.”

“ते ऐकलं मी. इंग्रजीत काय म्हनले?”

तेवढ्यात काका पुढं आला. तो सातवीपर्यंत शिकलेला, पण ‘पूअर’ त्याला पक्कं माहीत होतं.

“गरीब म्हनले आपल्याला,” तो म्हणाला. “आपला ऊस कारखान्याला जातो, आन् हे आपल्याला गरीब म्हनायलेत! म्हनून नीट बगंनात व्हय पेशंटकडं?”

“काका, तसं नाही.”

“मंग कसं? तू सांग की, मास्तरीन हाईस तू.”

काका तरातरा निघाला. मी मागं पळाले, पण गाठेपर्यंत त्यानं डॉक्टरांना दारातच अडवलं होतं.

“सायेब, आमी गरीब न्हाई. लागंल ते करा, पैशाकडं बगू नका. रान इकू, पन भाऊ वाचवा.”

डॉक्टर गोंधळले. मग त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. तुम्हीच सांगा, असं ती नजर म्हणत होती. मी मान खाली घातली. शेवटी त्यांनीच काकाच्या खांद्यावर हात ठेवला. “काका, मी आजाराबद्दल बोललो. लिव्हर पार खराब झालंय. आता आमच्या हातात फार काही नाही.”

काकानं डोक्यावरची टोपी काढून हातात धरली आणि तो तिथंच भिंतीला टेकून खाली बसला. मग मला म्हणाला, “तुला ठावं व्हतं?”

“हो.”

“वहिनीला नको सांगू.”

दादांना घरीच जायचं होतं. दोन दिवसांनी जीप केली. माय वाटभर त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली. औसा मागं पडल्यावर तिनं मला हळूच विचारलं, “घरी सोडलं म्हंजे बरंच हाय की, व्हय ना?”

काका समोर रस्त्याकडं बघत राहिला. मी दादांच्या अंगावरची चादर सारखी केली. ती अगोदरच सारखी होती.